नाक्यावरच्या राउटरची नाडी

ती केस मला आठवते ती पडद्यावरच्या एका रेघेमुळे. नोकरीत मी रक्ताळलेल्या कुऱ्हाडी सीलबंद केल्या, विहिरीतून काढलेल्या प्रेतांचे पंचनामे केले, पण संगणकाच्या पडद्यावर चढत जाणारी एक बारीक रेघ पुरावा म्हणून न्यायालयात नेली ती एकदाच. त्या रेघेने एका माणसाच्या अंगावरची वर्दी वाचवली. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर लोक हमखास विचारतात, सर्वांत मोठी केस कोणती. मी हीच सांगते. नावं मात्र कोणाचीही सांगत नाही.

तेव्हा मी भंडाऱ्यात पोलीस निरीक्षक होते. कारध्याच्या बाजूला वैनगंगेच्या रस्त्यावर आमचा एक नाका होता. पत्र्याचं शेड, दोन बॅरिकेड, एक माठ आणि खांबावर तीन कॅमेरे. नदीची रेती भरून येणारा प्रत्येक टिप्पर तिथे थांबवायचा, वाहतूक पास बघायचा आणि मगच सोडायचा. कॅमेऱ्यांचं चित्र शहरातल्या नियंत्रण कक्षात दिसत असे. ते चित्र नाक्यावरून पुढे पाठवणारं यंत्र म्हणजे राउटर. तो शेडच्या आत भिंतीला ठोकलेला होता. नाक्यावरचे लोक त्याला 'डब्बा' म्हणत. मीही तेच म्हणते.

कॅमेरे आणि डब्बे सांभाळण्याचा ठेका एका खासगी कंपनीकडे होता. चित्र गेलं की नियंत्रण कक्ष कंपनीच्या सुपरवायझरला फोन करायचा, सुपरवायझर नाक्याला फोन करायचा आणि सांगायचा, "डब्बा बंद करा, थोडं थांबा, चालू करा." चित्र परत यायचं. या एका औषधाने सगळे रोग बरे होत असल्यामुळे रोग कोणता, हे विचारायची गरज कोणाला वाटत नव्हती. सरकारी कार्यालयात पंख्यापासून प्रिंटरपर्यंत सगळ्याला हाच उपचार चालतो.

खबर आणली ती नाक्याच्या अलीकडे मासोळ्या विकणाऱ्या एका बाईने. ती ठाण्यात आली नाही. मी बाजारातून जात असताना तिने टोपलीवरचा ओला कपडा सरकवला आणि म्हणाली, "मॅडम, घ्या ना, ताज्या आहेत."

मी वाकले तशी ती हळू आवाजात बोलली. "तुमचा कॅमेरा आंधळा झाला की टिप्पर सुटतात. बिनापासचे."

"हे आम्हालाही कळलंय," मी म्हणाले. खरंच कळलं होतं. महसूलवाल्यांनी तशी तक्रार केली होती.

"मंग हे कळलं काय? कॅमेरा जायच्या आधीच टिप्पर चिंचेखाली येऊन उभे राहतात. भर दुपारी. गप उभे. डायवर मले मासोळीचा भाव विचारतात, घेत तर काहीच नाही. त्याइले आधी कसं समजते, की आता कॅमेरा जाणार?"

"रात्री नाही का येत?"

"रात्री तुमची गाडी फिरते ना बाई. दुपारी तुम्ही जेवून राहता."

तिचं बरोबर होतं. रेतीचोर रात्री येतो असं आम्ही धरून चाललो होतो, म्हणून आमची गस्त रात्री जागायची आणि दुपारी पेंगायची. मी मासोळ्या घेतल्या आणि ठाण्यात येऊन नाक्याचं ड्यूटी वाटप मागवलं.

चित्र गेलं त्या प्रत्येक दुपारी नाक्यावर एकच हवालदार होता. आंबागडकडचा माणूस, घरी धानाची शेती, निवृत्ती जवळ आलेली. दुपारी नाका एकट्याने सांभाळायची त्याची तयारी असायची, कारण तरुण शिपायांना उन्हात उभं राहायचा कंटाळा. कंपनीचा लेखी अहवालही त्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांकडे आला होता: नाक्यावरील कर्मचारी राउटर वारंवार बंद करतात, त्यामुळे कॅमेरे बंद पडतात. डब्ब्याच्या आतली नोंद तपासली तर तिथेही एवढंच दिसलं की वीज गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

मी हवालदाराला बोलावलं. वयाने तो माझ्यापेक्षा मोठा, पण चौकशीला वय नसतं. खुर्ची दिली आणि सरळ विचारलं.

"डब्बा कोण बंद करतं?"

"मीच बंद करतो मॅडम."

माझ्या शेजारी बसलेल्या सहायक निरीक्षकाने पेन उघडलं. कबुली इतक्या स्वस्तात मिळाली की पोलिसाला आनंद होतो. मला शंका येते.

"कशाला बंद करता?"

"कायले म्हणजे? फोन येते, कॅमेरा गेला, डब्बा बंद करून चालू करा. मी करतो. न करू काय?"

"फोन कोणाचा?"

"कंपनीच्या सुपरवायझरचा. आणिक कोणाचा येईल, मुख्यमंत्र्याचा?"

"तुम्ही आत असता तेव्हा बाहेर टिप्पर जातात, हे माहीत आहे?"

तो म्हणाला, "मी आत भिंतीकडं तोंड करून, कानाले फोन लावून उभा राहतो मॅडम. तो म्हणते, फोन ठेवू नका, दिवे कोणते लागले ते सांगा. मी दिवे सांगत राहतो. रस्त्याकडं पाहू का दिव्याकडं पाहू?"

तो चिडला होता. वर्षानुवर्षांच्या चौकशांतून मला एक कळलं आहे: दोषी माणूस उत्तराची तयारी करून येतो, आणि निर्दोष माणूस भांडणाची. पण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. अंदाजावर मी कोणाला सोडत नाही आणि अडकवतही नाही.

वरिष्ठांना मात्र कबुली पुरेशी होती. अधीक्षक साहेबांनी मला बोलावून सांगितलं की निलंबनाचा प्रस्ताव तयार आहे, आणि रेतीचोरीच्या गुन्ह्यात त्याला सहआरोपी करायचं आहे. मी थोडी मुदत मागितली.

"कशासाठी? तो स्वतः म्हणतोय, मीच बंद करतो."

"सर, आधी कॅमेरा गेला आणि मग त्याने डब्बा बंद केला, की आधी त्याने डब्बा बंद केला आणि म्हणून कॅमेरा गेला, एवढंच ठरवायचं आहे. पहिलं असेल तर तो आज्ञाधारक आहे. दुसरं असेल तर मी स्वतः त्याला अटक करते."

साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. तोपर्यंत हवालदार नाक्यावरच राहील, असंही मी मान्य करून घेतलं. त्याला हलवलं असतं तर ज्याला समजायचं त्याला सगळं समजलं असतं.

अडचण सोपी होती, उत्तर अवघड. डब्बा बंद केला की त्याच्या आतली आठवण पुसली जाते. तो मरताना काय घडलं, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. दर वेळी उपचार म्हणून आम्हीच साक्षीदाराची स्मृती घालवत होतो.

सायबर शाखेत एक महिला फौजदार होती. तुमसरची मुलगी, तोंडाने फटकळ. तिच्यापुढे मी हा प्रश्न ठेवला. ती मला नियंत्रण कक्षाच्या कोपऱ्यातल्या एका पडद्यासमोर घेऊन गेली. त्या पडद्यावर जिल्ह्याच्या नकाशात हिरवे ठिपके होते. कक्षातले शिपाई त्याला शोभेची वस्तू समजत. हिरवं आहे म्हणजे ठीक, लाल झालं म्हणजे सुपरवायझरला फोन, एवढाच त्याचा उपयोग.

"मॅडम, याच्या आत कोणी जातच नाही," ती म्हणाली. "घरी फ्रीज घेतला आणि त्यात चपला ठेवल्या, असं आहे हे."

तिने नाक्याचा ठिपका उघडला. हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. दर काही मिनिटांनी ते जिल्ह्यातल्या प्रत्येक डब्ब्याला हाक मारून विचारतं: तुझा प्रोसेसर किती कामात आहे, मेमरी किती मोकळी आहे, कोणत्या तारेतून किती माहिती गेली. डब्बा उत्तर देतो आणि ते उत्तर इथे, नियंत्रण कक्षात जमा होतं. आपल्या बीटवरचा शिपाई सराईताच्या घरी जाऊन हजेरी घेतो, तसंच. नाक्यावरचा डब्बा बंद केला तरी इथली हजेरी पुसली जात नाही.

तिने चित्र गेलेल्या एका दुपारचा आलेख काढला. सकाळपासून प्रोसेसरची रेघ खाली सपाट होती. मग ती उठली, चढत चढत छताला टेकली. त्याच वेळी मोकळ्या मेमरीची रेघ खाली कोसळली. मग दोन्ही तुटल्या. पुढे रिकामी जागा, आणि नंतर पुन्हा सपाट.

"याचा अर्थ?"

"डब्ब्याला आधी ताप चढला, मग तो बेशुद्ध पडला. बटण नंतर दाबलं."

"हे तू म्हणतेस. वकील म्हणेल, बटण दाबलं तरी रेघ अशीच दिसते."

तिला हे सुचलं नव्हतं. मग मी साकोलीकडे एकोडीच्या रस्त्यावरच्या नाक्याला फोन लावला. तिथेही असाच डब्बा होता. शिपायाला सांगितलं, डब्ब्याची वायर काढ.

"मॅडम, खरंच काढू? चांगला चालून राहिला."

"काढ."

"मग नंतर मलेच तं विचारणार नाही ना, काहून काढली म्हणून?"

"स्टेशन डायरीत माझ्या नावाने नोंद कर आणि काढ."

त्याने काढली. पडद्यावरची रेघ सपाट चालली होती ती तशीच, सपाट असतानाच, कात्रीने कापल्यासारखी संपली. ना चढ, ना ताप. आम्ही दोन्ही आलेख शेजारी ठेवले. एक आजारी पडून मेलेला, दुसऱ्याचा धडधाकट असताना गळा कापलेला. मग चित्र गेलेल्या सगळ्या दुपारांचे आलेख काढले. प्रत्येक दुपारी आधी ताप होता.

हवालदार खरं बोलत होता. पण अर्धंच काम झालं होतं. ताप आणत कोण होतं?

फौजदार मुलीने तारांचा आलेख उघडला. कॅमेऱ्यांकडून येणारी माहिती त्या वेळी रोजच्याइतकीच होती, जास्त नव्हती. बाहेरून कोणी माहितीचा लोंढा सोडला असता तर तीही रेघ चढली असती. "म्हणजे ओझं बाहेरचं नाही," ती म्हणाली. "कोणीतरी डब्ब्यात शिरून त्याला काम लावून देते. राउटरला एक हुकूम देता येतो, की तुझ्यातून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची बारीक नोंद मोठ्याने सांग. दुरुस्तीसाठी असतो तो. पण भर कामात दिला की राउटर नोंदीतच गुंतून पडते."

मला ते लगेच समजलं. नाक्यावरच्या हवालदाराला सांगितलं, की जाणाऱ्या प्रत्येक सायकलीचासुद्धा पंचनामा कर, तर नाका तासाभरात तुंबेल. हुकूम कायदेशीर, परिणाम तोच.

शिरायला पासवर्ड लागतो. पासवर्ड कंपनीकडे, आणि कंपनीत सगळ्यांना मिळून एकच. म्हणजे उद्या कोणालाही पकडलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. मला पासवर्ड नको होता. मला माणूस हवा होता.

मुख्यालयाच्या भांडारात त्याच कंपनीचा, तसाच दिसणारा, पण बराच ताकदवान डब्बा पडून होता. फौजदार मुलगी आणि मी साध्या कपड्यांत नाक्यावर गेलो आणि तो बदलला. पासवर्ड तोच ठेवला. फरक दोनच. हा डब्बा तसल्या हुकुमाने गुदमरणार नव्हता, आणि त्याला मिळालेला प्रत्येक हुकूम त्याच क्षणी नियंत्रण कक्षात लिहिला जाणार होता. शिवाय प्रोसेसर नेहमीची पातळी ओलांडून वर गेला की आमच्या फोनवर इशारा येईल, अशी सोय तिने केली.

हवालदाराला मी एवढंच सांगितलं, "फोन आला तर नेहमीसारखं बोला, आत जा, दिवे सांगा. डब्ब्याला हात लावायचा नाही. आणि फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होऊ द्या."

"मॅडम, माझं काही होईल काय?" त्याने विचारलं. "गावात म्हणून राहिले, हवालदारानं रेती खाल्ली. बायको पाणी भराले जाते तं बाया हसतात."

"हात लावू नका, मग बघू."

त्या दिवसांत आमचं एक पथक पुलाच्या पलीकडे मोटार दुरुस्तीच्या दुकानात बसून असे. महसूलच्या अधिकाऱ्याला आणि दोन पंचांना मी काही न सांगता रोज ठाण्यात चहाला बोलावत होते. पंच शेवटी वैतागले. एक म्हणाला, "मॅडम, चहा चांगला आहे, पण गुन्हा कधी दाखवता?"

एका दुपारी फोन वाजला. इशारा. मी नियंत्रण कक्षातच होते. पडद्यावर प्रोसेसरची रेघ उठली, अर्ध्याच्या वर गेली आणि तिथे थांबली. नवा डब्बा धापा टाकत होता, पण उभा होता. हुकूमही समोर उमटला, कंपनीच्या खात्यावरून, मोबाईलच्या जोडणीतून आलेला. तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्र स्वच्छ होतं. चिंचेखाली टिप्पर लागलेले दिसत होते. हवालदार शेडच्या दाराशी उभा होता.

मी कक्षातल्या शिपायाला सांगितलं, "कोणाला फोन करायचा नाही. फोनला हातसुद्धा नको."

पडद्यावर हवालदाराने खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

त्याला फोन आला होता. बोलणं मी नंतर ऐकलं, ते असं होतं:

"हवालदार साहेब, कॅमेरा गेला तुमचा. डब्बा बंद करून चालू करा."

"पुन्हा गेला काय? काय डब्बा देऊन ठेवला बाप्पा तुम्ही."

"आत जा. फोन ठेवू नका. दिवे सांगा."

"जाऊन राहिलो ना."

तो आत गेला. ज्या कॅमेऱ्याबद्दल फोनवर 'गेला' म्हणत होते, त्याच कॅमेऱ्यात आम्ही त्याला आत जाताना पाहत होतो. टिप्पर चिंचेखालून निघाले, नंबरप्लेटसकट, ड्रायव्हरच्या चेहऱ्यासकट, एकामागून एक. पुलावर आमच्या पथकाने रस्ता अडवला. एकाकडेही पास नव्हता. पंचांनी शेवटी चहाचं मोल फेडलं. पंचनामा रस्त्यावरच झाला.

सुपरवायझरला त्याच्या कार्यालयातून आणलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. समोर बसल्याबरोबर त्याने मला नेटवर्कचं शिक्षण द्यायला सुरुवात केली.

"मॅडम, हा टेक्निकल विषय आहे. पासवर्ड आमच्या सगळ्या टेक्निशियनकडे आहे. कोणी काय केलं, मी कसं सांगू?"

"मला टेक्निकल नको," मी म्हणाले. "फोनचं सांगा. आज दुपारी नाक्यावर फोन केलात?"

"केला ना. कॅमेरा गेला होता. ड्यूटी आहे माझी."

"कॅमेरा गेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नियंत्रण कक्षाने. नेहमी तेच सांगतात."

"नियंत्रण कक्षात आज कोण होतं, माहीत आहे?"

त्याने खांदे उडवले.

"मी होते. कोणी तुम्हाला फोन केला नाही. आणि सांगण्यासारखं काही नव्हतंच. कॅमेरा गेलाच नव्हता."

त्याने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. फौजदार मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "सर, हुकूम दिल्यावर चित्र खरंच गेलं का, एवढं तरी पाहायचं होतं. तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, आधी चेक करा म्हणून."

त्याने पाहिलं नव्हतं. पाहायची सवयच नव्हती. हुकूम दिला की डब्बा मरतो, मग फोन करायचा, हवालदार आत जातो, टिप्पर सुटतात. इतक्या वेळा हे बिनचूक जमलं होतं की त्याने मधली पायरी तपासणं सोडून दिलं होतं. जी सवय आम्हाला आंधळं करत होती, तिनेच त्याला पकडून दिलं. पाणी मागून तो बोलू लागला आणि टिप्परमालकांपर्यंत सगळी साखळी सांगितली. कॉल रेकॉर्ड मागवले तेव्हा आधीच्या बऱ्याच दुपारीही नाक्याला गेलेला त्याचा फोन नियंत्रण कक्षाच्या फोनच्या आधीचा निघाला. आलेख, हुकुमांच्या नोंदी आणि संभाषण, सगळं इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रासह आरोपपत्राला जोडलं. बचावाच्या वकिलाने आलेखाची बरीच चिरफाड केली. एकोडीच्या नाक्यावरची कापलेली रेघ समोर ठेवल्यावर त्यांचे प्रश्न संपले. आरोपींना शिक्षा झाली.

अधीक्षक साहेबांनी निलंबनाचा प्रस्ताव रद्द केला आणि हवालदाराला कार्यालयात बोलावून सगळ्या शाखांसमोर शाबासकी दिली. विचारलं, काही मागणी आहे का. तो सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साहेब, एकच. आता डब्ब्याचं बटण माझ्याकडं नको." सगळे हसले, साहेबसुद्धा. गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, त्या वर्षी त्याला नाटकाच्या मंचावर बोलावून नारळ दिला, असं तोच नंतर सांगत होता. पाण्यावरच्या बायांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

या केसने मला शिकवलं ते यंत्राबद्दल कमी आणि पोलिसी कामाबद्दल जास्त. आपण सगळे बिघडलेला दिवस तपासतो. पण बिघडलेला दिवस ओळखायचा तर आधी चांगला दिवस माहीत हवा. ती रेघ चढली हे आम्हाला कळलं, कारण रोज ती खाली सपाट असल्याची हजेरी कोणीतरी घेऊन ठेवली होती. जुने बीट हवालदार हेच करत. कोणाच्या दारात रोज किती चपला असतात हे त्यांना पाठ असे, म्हणून चपलांचा एक जोड जास्त दिसला की ते थांबत. आणि दुसरं: बिघाड दुरुस्त करायची घाई झाली की पुरावा सर्वांत आधी जातो. मी ठाण्यात नियम केला, की डब्बा बंद करण्यापूर्वी आलेख पाहायचा, कारण लिहायचं, मगच बटण. आणि सकाळच्या हजेरीनंतर जिल्ह्यातल्या सगळ्या डब्ब्यांच्या प्रोसेसर आणि मेमरीवर नजर टाकायची. कोपऱ्यातला तो पडदा मग कक्षाच्या मधोमध आला.

हवालदार सन्मानाने निवृत्त झाला. मध्यंतरी त्याचा फोन आला. घरी नातवंडांनी वायफाय बसवलं होतं आणि ते अडकलं होतं.

"मॅडम, पोट्टे म्हणून राहिले, बंद करून चालू करा. मी म्हटलं, थांबा."

"मग?"

"मग काय. आधी तुम्हाले विचारतो म्हटलं. तोवर कोणाले हात लावू देणार नाही."